रोजालीनची लाल टिंबांची वही

कोर्लईची रोजालीन मार्तीस मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली. घरात बोलणं मात्र पोर्तुगिजांच्या काळापासून गावात उरलेल्या बोलीत. त्या बोलीला स्वतःची लिपी नाही. म्हणून आईकडून ऐकलेली लग्नाची चाळीस गाणी रोजालीनने एका वहीत मराठी अक्षरांतच उतरवली. जो उच्चार बाराखडीत मावेना, त्यावर लाल टिंब दिलं. टिंब दिसलं की जीभ कुठे वळवायची ते तिला कळे.

बारा वर्षांपूर्वी परदेशातून एक संशोधक बाई आल्या. आठवडाभर तिच्या ओटीवर बसल्या, वालाचं बिरडं मिटक्या मारत जेवल्या. जाताना वही मागितली. “छापून परत पाठवते,” म्हणाल्या.

आलं ते जाडजूड पुस्तक. आभारात रोजालीनचं नाव होतं म्हणे. म्हणे, कारण सगळी अक्षरं रोमन, वर शेंड्या नि खाली शेपट्या लावलेली. वहीसाठी मुलाने दोनदा ईमेल केला. उत्तर आलं, वही आमच्या इथल्या ग्रंथालयात जपून ठेवली आहे, येऊन पाहता येईल.

पुस्तक फळीवर पडून राहिलं. यंदा नातवाचं लग्न ठरलं आणि रोजालीन गाणी आठवायला बसली. दोन ओळी यायच्या, पुढे गाडी अडायची. सोबत गाणाऱ्या बायका तर कधीच गेल्या. शेवटी तिने नातीला, अमिषाला बोलावलं. अमिषा अलिबागला इंग्रजी शाळेत. तिची आई पनवेलची, त्यामुळे पोरीच्या कानावर मराठीच.

“वाच गो जरा.”

“आजी, मला अर्थ कुठे कळतो?”

“अर्थ माझ्याकडं हाय. तू नुसती अक्षरं वाच.”

अमिषाने धड्यासारखं सपाट वाचलं. एखादा शब्द रोजालीनला ओळख दाखवी, पुढचे चार परके होऊन जात.

“या शेंडीचा आवाज कसा?”

“आम्हाला नाही शिकवलं. त्या बाईंनाच फोन कर ना. त्यांना येत असतील सगळी गाणी.”

“येतात ना,” रोजालीन म्हणाली. “मीच शिकवली.” आणि पुस्तक मिटून तिने परत फळीवर ठेवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी पनवेलहून आलेल्या, सुनेच्या माहेरच्या बायकांनी आग्रह केला, तुमच्याकडचं काहीतरी म्हणा. रोजालीनने पदर सावरला. दोन ओळी म्हटल्या. तिसरीसाठी तोंड उघडलं आणि तशीच थांबली.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, गाणं एवढंच आहे.