कोरड्या जिल्ह्याची होडी

ज्याच्या जिल्ह्याला समुद्र नाही त्यानं शिडाला हात लावू नये, असं कुणीतरी केव्हाच ठरवून ठेवलंय. कुणी ठरवलं ते कळत नाही. पण तो माणूस प्रत्येक टेबलामागे बसलेला असतो, प्रत्येक टपरीवर उभा असतो, आणि आपण लातूरचे म्हटलं की आधी हसून घेतो. जुनी, परवडेल अशी शिडाची होडी शोधायला आम्ही निघालो तेव्हा किस्से गोळा करायचे नव्हते. पण तो जितक्या वेळा हसला तितके किस्से जमले. आता चहाला बसलो की एकाच्या शेपटीला धरून दुसरा येतो.

आम्ही म्हणजे तिघं. सुजाता गायकवाड एनसीसीच्या शिबिरात मुंबईला जाऊन शीड हाकायला शिकलेली, आणि ते वारं अंगात घेऊनच परतलेली. बाळू चाकूरचा, घरची शेती आणि घरची जीप असलेला. आणि मी, बीएस्सी होऊन वाऱ्याच्या दाबावर मोठमोठ्यानं बोलणारा, सुजाताच्या होडीतला दुसरा गडी.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पाट्या नव्या, खुर्च्या नव्या. दुष्काळ मात्र जुन्या जिल्ह्यातून जसाच्या तसा वर्ग होऊन आला होता. राज्याच्या किनारी शर्यतीत दर जिल्ह्याची एक होडी घेत. नवा जिल्हा म्हणजे नवी जागा! अट एवढीच की होडी जिल्ह्याची स्वतःची हवी आणि ती गळत नाही असा दाखला हवा. पुढच्या वर्षी सुजाता वयात बसणार नव्हती. यंदा नाही तर कधीच नाही.

अर्ज घेऊन क्रीडा कार्यालयात गेलो. साहेबांनी तो वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि शिपायाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आधी समुद्र मंजूर करून आणा, मग होडीचं बघू."

सुजाता म्हणाली, "कबड्डीवाल्यांना मैदान तरी कुठं मंजूर झालंय साहेब?"

शिपाई हसला. अर्ज ठेवून घेतला गेला.

* * *

होडी कसली घ्यायची यावर गंजगोलाईच्या बाजारात आमचं जे भांडण झालं, त्यात टपरीवाल्यानं बाजू घेतली नाही हे त्याचे उपकार.

बाळूला झोपता येईल अशी होडी हवी होती. शर्यत झाली की किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्यापर्यंत जायचं, रात्री आत पथारी टाकायची, सकाळी स्टोव्हवर चहा. सुजाताला हलकी होडी हवी होती, वारा आला की उडणारी. मी मधोमध बसून दोघांना समजावत होतो की वजन आणि वेग यांचं एक गणित असतं. दोघांनीही माझं ऐकलं नाही.

शेवटी सुजाता म्हणाली, "स्टोव्ह, पथारी, पिठाचा डबा. बाळू, तुला होडी नको, आई पाहिजे."

बाळू दोन दिवस टपरीकडं फिरकला नाही. नंतर तोच म्हणाला की पुढच्या टोकाखाली एक ताडपत्री अन् कांदे-भाकरीची पिशवी मावली तरी चालंल. आमची निवड अशी झाली. लहान, फायबरची, शर्यतीत चालणारी, आणि एका पिशवीपुरती प्रवासाची.

* * *

पहिली होडी बघायला थेट कोकणात गेलो. रंग इतका ताजा की हात लावला तर बोटाला येईल. विकणारे गृहस्थ झोपाळ्यावरून उठले नाहीत. सुजातानं चप्पल काढली, होडीत चढली आणि टाचेनं तळ दाबत चालायला लागली. डोलकाठीच्या बुडाशी तळ भाकरीसारखा दबला. आतलं लाकूड कुजलेलं होतं, वरून रंगाचा थर.

मी ते दाखवून दिलं. त्या गृहस्थांनी आम्ही कुठले ते विचारलं. लातूर म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरची काळजीच गेली. म्हणाले, "मग काय हरकत आहे? तुमच्याकडे पाणी कुठाय ती बुडायला?"

मी त्यांना बरंच सुनावलं असतं. पण बाळूनं दंड धरून मला जीपपर्यंत नेलं, आणि परतीच्या वाटेवर अंबाजोगाईपर्यंत ते सगळं मी मलाच सुनावत आलो.

* * *

दुसरी होडी सापडली ती नायगावला, गोठ्यात! धरणाच्या कामावरून निवृत्त झालेल्या एका पुणेकर इंजिनिअरनी गोदावरीत फिरायला म्हणून कधीकाळी आणली होती. गुडघे गेले, होडी गोठ्यात गेली. आत कडबा, कडब्यावर शेळी. पण सुजातानं शेळीला उतरवून तळ तुडवला, बोटाच्या पेरानं दोन्ही अंगं ठोकत आली. कुठंच पोकळ आवाज नाही. डोलकाठी सरळ, सुकाणू घट्ट, शीड पत्र्याच्या पेटीत उंदरांपासून वाचलेलं.

सौद्यासाठी बाळूनं देगलूरहून मामांना आणलं होतं. मामांनी जन्मभर बैलबाजार केलेला. त्यांनी आम्हाला बजावलं की मालकासमोर मालाला चांगलं म्हणायचं नाही. मग स्वतः होडीभोवती फिरून नाक मुरडलं, आणि बाजाराच्या रीतीनं खांद्यावरचा रुमाल काढून इंजिनिअरसाहेबांच्या हातावर टाकला. रुमालाखाली बोटं धरून भाव सांगायचा असतो, हे त्या पुणेकर माणसाला कुठलं माहीत? त्यांना वाटलं हात बघतायत. म्हणाले, "गुडघ्यांचं काही दिसतंय का?"

तरी सौदा झाला. आमचे खिसे बघून तेच नरमले. जुनी पेटी, शीड, ढकलगाडी, सगळं दिलं. आम्ही होडी जीपला जोडली आणि उड्या मारत लातूरला आलो.

दारात ताडपत्री काढली आणि सुजाता खालीच बसली. होडीत एकही दोर नव्हता. शीड चढवायचा नाही, शीड आवळायचा नाही, नांगराचासुद्धा नाही.

मामा शांत होते. त्यांनी नायगावलाच सगळे दोर सोडवून, गुंडाळून मालकाच्या खुंटीला लावून दिले होते. जनावर विकलं तरी दावं मालकाकडंच राहतं, लक्ष्मी त्याच्या दावणीला राहिली पाहिजे, आणि भल्या माणसाला नागवून आपण होडी आणायची का, असं त्यांचं म्हणणं.

"मामा, हा बैल हाय का?" बाळू ओरडला.

"वढायची हाय न्हवं?" मामा म्हणाले. "मग दावं नवं घ्या."

नवं घ्यायला काही उरलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मामाच चाकूरच्या शिवारात फिरून आले आणि जीपभर दोर घेऊन आले. विहिरीवरचे. लोकांनी विचारलंसुद्धा नाही कशाला पाहिजेत. विहिरींना पाणीच नव्हतं, दोर नुसते लटकून होते. मला त्या दिवशी कुणावर चिडावं तेच कळेना, म्हणून मी सगळ्यांवर चिडलो.

* * *

राहिला दाखला. साहेब म्हणाले, पाण्यावर तरंगवून दाखवा. आम्ही त्यांना तळ्यावर नेलं. तळ्यात पोरं क्रिकेट खेळत होती.

मग कार्यालयात परत येऊन आम्ही म्हणालो, नांदेडला चला, गोदावरीत अजून डोह आहे. जीप आमची.

साहेबांनी मान हलवली. "नांदेड वेगळा जिल्हा. दुसऱ्या जिल्ह्याच्या पाण्यावर मी सही कशी करू?"

हे वाक्य ते पूर्ण गंभीरपणे बोलले. अर्ज पाठवायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. मी टेबलावर हात आपटला, त्याचा उपयोग इतकाच झाला की हात दुखला. सुजाता उठली. बाहेर आल्यावर म्हणाली, "पाण्यात होडी ठेवता येत नसेल, तर होडीत पाणी ठेवू."

* * *

सुजाताच्या गल्लीच्या तोंडाशी नव्या जिल्ह्याचा नवा हौद होता. उद्घाटनाची फरशी अजून चकचकीत. टँकर यायचा, घाईघाईत हौदात रिकामा व्हायचा, आणि रांगेतला निम्मा नंबर लागेपर्यंत पाणी तळातून झिरपून गटारीला लागलेलं असायचं. तक्रारी झाल्या होत्या. हौद पाहणीत उत्तम ठरला होता, असं उत्तर आलं होतं.

सुजाता गल्लीतल्या बायकांशी बोलली. मला वाटलं आता शिव्या बसणार. लोक घोटासाठी भांडत असताना ही होडीत पाणी ओतायचं म्हणते! पण बायकांनी एवढंच विचारलं, की शेळीचा वास जाईल का. मग आम्ही तिघांनी सोडा टाकून ती होडी अशी घासली की रंगही थोडा आला.

सकाळी गायकवाडांच्या अंगणात विटांच्या चौथऱ्यांवर होडी ठेवली, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरली. टँकरवाल्यानं नळी होडीत सोडली. पाणी काठाच्या वीतभर खाली येईपर्यंत भरली. मग बायका कळशा घेऊन ओळीनं बसल्या. साहेब येईपर्यंत कुणी थेंब घ्यायचा नाही असं ठरलं होतं. गायकवाडांच्या अंगणात कधी पाय न ठेवलेल्या दोन-तीन घरच्या बायकाही त्या ओळीत होत्या. त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही.

साहेब उन्हं चढल्यावर आले. त्यांनी होडीभोवती फेरी मारली. वाकले. रुमाल काढून तळाला फिरवला, रुमालाकडं बघितलं. वर्तमानपत्रं चाचपली. सगळं कोरडं. आतलं पाणी जिथं होतं तिथंच, त्यात आभाळ दिसत होतं.

सुजातानं कागद पुढं केला. साहेबांनी पेन काढलं, टोपण उघडलं आणि परत लावलं. म्हणाले, असं कुठं लिहिलेलं नाही. पाहणीची एक पद्धत असते. पद्धत सोडून सही केली तर उद्या वर उत्तर कोण देणार? सही म्हणजे जबाबदारी असते.

सुजाताचा हात कागदासकट तसाच राहिला. मी तोंड उघडणार होतो. माझ्याकडं भाषण तयार होतं, चांगलं लांबलचक.

पण ओळीत पहिल्या बसलेल्या गयाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. आठवड्यापूर्वी त्या हौदावरून रिकाम्या कळशीनं परतल्या होत्या. कळशी कमरेवर घेतली, होडीतल्या पाण्याकडं बघितलं, मग गल्लीच्या तोंडाकडं, आणि साहेबांना अगदी साधेपणानं विचारलं:

"साहेब, त्या हौदाला सही कुणी केल्ती?"