दर शुक्रवारी चालू होणारी गाडी

माझ्या पेणच्या घरात बाहेरच्या खोलीत सोफा नाही. सोफ्याच्या जागी मोटरसायकल उभी आहे. जुनी, साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची. आलेला माणूस आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मग टेकायला जागा शोधतो. पुण्याहून मुलगी येते तेव्हा पाय ठेवल्या ठेवल्या म्हणते, "बाबा, हे धूड आधी बाहेर काढा." मी म्हणतो, "माझी असती तर काढली असती."

गाडी माझ्या मित्राची. तो रोह्याचा. धाटावच्या एका कंपनीत आम्ही अकरा वर्षं एकाच शिफ्टला काढली. कंपनी बंद पडली तेव्हा मला इकडेच काहीबाही मिळालं, तो गल्फला गेला. जाताना चावी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "विकू नको, चालवू नको. पण आठवड्यातून एकदा चालू कर. उभी राहून मरंल ती."

चालवू नको हे सांगायची गरजच नव्हती. त्या गाडीची ख्यातीच तशी. आमच्या तरुणपणी पेण-रोह्याच्या पट्ट्यात तसल्या दोन-तीनच गाड्या होत्या, आणि त्यांच्या मालकांना मुलगी द्यायला कुणी धजत नसे. ब्रेक असून नसल्यासारखा. अॅक्सिलेटर पिळला की आधी काहीच नाही, आजारी म्हशीसारखी चालणार. तुम्ही म्हणता, एवढीच होय? आणि तेवढ्यात ती सुटते. पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल आपल्या हातात आहे की आपण हँडलच्या, तेच कळत नाही. एकदा त्यानं हट्टानं मला पुढे बसवलं. कासूच्या अलीकडे मी थेट शेतात. भात कापून झालेला, म्हणून हातपाय शाबूत राहिले. मी ढेकळांत बसून शिव्या घालतोय आणि हा बाजूला उताणा पडून हसतोय. "तू घाबरलास ते तिला समजलं," म्हणाला. घाबरणार नाही तर काय! मी तेव्हा कानाला खडा लावला तो लावलाच.

शुक्रवारी त्याला सुट्टी. आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजले की मी फोन लावायचा, किक मारायची आणि मोबाइल सायलेन्सरजवळ धरायचा. कधी दुसऱ्या किकला चालू व्हायची, कधी तिसाव्या. कधी उलटी किक मारून माझी नडगी फोडायची. तो तिकडून ऐकायचा आणि वैद्यानं नाडी बघावी तसा सांगायचा, "डाव्या बाजूचा प्लग साफ कर. आता पीळ दे जरा. बस." मग रोह्याच्या गोष्टी. कुणाचं लग्न ठरलं, कुंडलिका नदीला पाणी किती चढलं. शेवटी ठरलेलं वाक्य, "ह्या ईदला येतो. तयार रहा, तू मागं बसायचं." आणि ईदच्या आधी कळायचं, सुट्टी मंजूर नाय झाली.

बायको होती तोवर धूर झाला म्हणून ती स्वयंपाकघराचं दार आदळायची. ती गेल्यावर दार आदळणारंही कुणी उरलं नाही. खोटं कशाला बोलू, मग मी शुक्रवारसाठीच जगायला लागलो. गुरुवारी दाढी करायचो. फोनवर दाढी दिसत नाही, तरी करायचो.

आणि दीड वर्षापूर्वी मी ती गाडी मारली. तिचं इंजिन असं की पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच घालावं लागतं. हे मला वीस वर्षं माहीत. पण त्या दिवशी टाकीत पेट्रोल संपलं, पाच वाजत आलेले, तर मी माझ्या स्कूटरमधलं नळीनं काढून ओतलं आणि घाईत तेल घालायचं विसरलो. तो फोनवर म्हणतोय, "अजून पीळ, अजून," आणि मी पिळतोय. फोन मध्येच कटला. पाठोपाठ आतून खरखर झाली आणि गाडी गप्प. किक जागची हलेना. दोन मेकॅनिक येऊन गेले. दोघांनी तेच सांगितलं, पिस्टन चिकटलाय, आत सगळं ओरबाडलंय, ह्याचे पार्ट आता मिळत नाहीत.

मला त्याला सांगता आलं नाही. गाडीची लाज होतीच, पण खरी भीती वेगळी होती. गाडी नाही तर शुक्रवारी फोन कशासाठी करायचा? मागे एकदा त्याच्या खोलीतल्या माणसांना ऐकवायला म्हणून मी गाडीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. तो जुन्या मोबाइलमध्ये होता. पुढच्या शुक्रवारी एका हातात नवा फोन, एका हातात जुना. किकचे तीन आवाज आणि मग गाडी चालू. तो म्हणाला, "छान हाय." एवढंच. मी घामानं भिजलो होतो. मग काय, एकदा सोकावलो ते सोकावलोच. दीड वर्षं दर शुक्रवारी मी त्याला तीच गाडी वाजवून दाखवली.

गेल्या महिन्यात तो म्हणाला, "तिकीट काढलंय. दहा दिवस येतो. पेणवरून रोहा, गाडीवर, सकाळी सकाळी." आठवडाभर जेवण गोड लागेना. शुक्रवारी जुना मोबाइल हातात न घेताच फोन लावला आणि सगळं भडाभडा ओकलो. स्कूटरचं पेट्रोल, रेकॉर्डिंग, सगळं.

तो म्हणाला, "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"दुसऱ्या का तिसऱ्या शुक्रवारपासून. दर बारीला तीन किकला चालू. ती गाडी इतकी शहाणी कधी होती रं?"

"मग बोलला का नाहीस?" मला रागच आला. आपण चोर आणि आपल्यालाच राग, पण आला.

"बोललो असतो तर तू फोन करायचं बंद केलं असतंस." मग म्हणाला, "आणि आता माझं ऐक. तिकीट नाय काढलं मी. सुट्टी दरवर्षी मंजूर होते. मी खोलीतच झोपून काढतो. अम्मी गेली, भाऊ मुंब्र्याला गेला, रोह्यातल्या घराला कुलूप. कुणाकडं येऊ? पण येणार नाय म्हटलं, तर तू गाडी कशाला सांभाळशील, फोन तरी कशाला करशील?"

माझ्याकडे ये, असं मी तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं. पण नुसतं "बरं" म्हणून मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी स्वतःला हव्या तेवढ्या शिव्या घातल्या. त्यांचा काय उपयोग?

काल शुक्रवार होता. पाच वाजले, साडेपाच झाले. आता फोन करायला कारण नव्हतं. सहा वाजता लावला तरी. पहिल्याच रिंगला उचलला त्यानं.

"आज काय वाजवतोस?"

"काय नाय. बसलोय नुसता."

"मी पण," तो म्हणाला.