वरचा मजला सरकत होता

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचताना तुमचं सगळं लक्ष त्या न कळणाऱ्या गोष्टीकडे जाईल आणि माझी चूक तिच्या आडोशाला लपून बसेल. एकदा मी ती तशी लपवलीच आहे.

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या नात्यात कुणाला काही 'लागलं' की जाणत्याकडे न्यायची घाई होते, तेव्हा दवाखान्यात चला म्हणून भांडणारा मीच. पन्नाशीला आलेला, चष्मा लागलेला साधा माणूस आहे. आदिलाबादला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, हार्डवेअरच्या दुकानावर माझं छोटं ऑफिस आहे. घरांचे नकाशे काढणं आणि कॉम्प्युटरवर त्यांचं थ्री-डी मॉडेल बनवणं हे काम. ऑफिसात माणसं दोनच — मी आणि सुनंदा. सुनंदा जवळच्या तामसी गावची, शेतकऱ्याच्या घरची. रोज बसने यायची, उशीर झाला की जिना धावत चढायची आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणायची, "बस लेट होती सर, मी नाई."

दिगंबरभाऊंचं काम आलं तेव्हाची ही गोष्ट. दिगंबरभाऊ मूळचे जैनथकडचे, इथे बी-बियाण्यांचं दुकान. खालचं घर वडिलांनी बांधलेलं, त्यावर मजला चढवायचा होता. वरच्या मजल्याचा नकाशा त्यांनी नागपूरच्या एका आर्किटेक्टकडून करून आणला होता. कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, बाकी तुमाले जमन तसं करा. पन येकच गोष्ट. देवाच्या डोक्यावर संडास नको. बाबानं बसवलेले देव हायेत, ते उठवता येत नाई."

"मॉडेल कशासाठी असतं मग, भाऊ?" मी म्हणालो. "वर काय, खाली काय, सगळं आधीच दिसतं."

"दिसलं म्हंजे झालं," ते म्हणाले. "नाई त मायी बायको मलेच वर झोपवन, संडासात."

सुनंदा तोंडाला ओढणी लावून हसली होती.

काम कसं असतं ते थोडं सांगतो. खालच्या आणि वरच्या मजल्याचे नकाशे दोन वेगळे कागद. दोन्ही स्कॅन करून सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचे, ज्याला त्याला त्याच्या लेव्हलवर ठेवायचं आणि वरचा खालच्यावर नेमका बसवायचा. बसवताना दोन्ही मजल्यांवर खात्रीने एकाच जागी असलेली खूण धरायची — जिना किंवा खांब. हे मी स्वतः सुनंदाला शिकवलं होतं. आणि त्या दिवशी घाईत मी बाहेरच्या भिंतीचा मागचा कोपरा धरला. खालच्या नकाशात तो भिंतीचाच कोपरा होता. वरच्या नकाशातली बाहेरची रेघ मात्र गॅलरीची होती, भिंतीच्या बाहेर आलेली. म्हणजे अख्खा वरचा मजला गॅलरीच्या रुंदीएवढा सरकून चुकीच्या जागी बसला. जिना जिन्यावर येत नव्हता, तेही मला दिसलं. म्हटलं स्कॅन करताना कागद ओढला गेला असेल... आणि मॉडेलमधल्या वरच्या जिन्याच्या रेघा तेवढ्या मी हाताने सरकवून जुळवल्या. मॉडेलमध्ये संडास देवघरापासून लांब दिसत होता. मी खूश.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर वरचा नकाशा जागेवर नव्हता. सरकलेला.

"सुनंदा, दिगंबरभाऊंच्या फाइलला हात लावलास का?"

"नाई सर."

मी तो परत ओढून कोपऱ्याला कोपरा लावला. पुढच्या दिवशी पुन्हा सरकलेला, तेवढाच, त्याच बाजूला. या वेळी मी चिडलो.

"इथं दोघंच आहोत आपण. मी नाही हलवला, मग कोण?"

"मले काय मालूम सर? मी काऊन हलवू? मी त अजून त्या मार्केटवाल्याचं शौचालय काढून राह्यली."

मग मी नकाशाला पिन मारली. पिन म्हणजे सॉफ्टवेअरमधलं कुलूप. पिन मारलेली गोष्ट माऊसने ओढली तरी हलत नाही.

त्यानंतर सुनंदा रजेवर गेली. बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. ती ऑफिसात नव्हती — हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी ते विसरल्याचं सोंग केलं.

दुपार होती. खालून दुकानात पाइप कापण्याचा आवाज येत होता. समोर फाइल उघडी होती आणि माझे दोन्ही हात चहाच्या ग्लासाभोवती होते. माऊस बाजूला पडलेला. आणि स्क्रीनवरच्या निळ्या रेघा, वरच्या मजल्याच्या, खालच्या काळ्या रेघांपासून सुटू लागल्या. झटका नाही, उडी नाही. टेबलावरचा कागद कुणी बोट ठेवून हळूच ओढावा तशा. संडासाच्या खोलीचा कोपरा देवघराच्या रेघा ओलांडून आत गेला आणि तिथे थांबला. पिनचं चिन्ह जागच्या जागी होतं.

मी ग्लास खाली ठेवला. मागे वळून पाहायचं धाडस होईना, का ते सांगता येणार नाही, मागे नुसती भिंत होती. मग 'अनडू'ची यादी उघडली. आपण केलेली प्रत्येक हालचाल तिथे दिसते. त्यात सरकवल्याची नोंदच नव्हती.

त्या वेळी मी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता, की हा जिथे थांबतो आहे तिथे काय आहे? तो विचारला नाही. मी घाबरलो होतो आणि घाबरलेल्या माणसाला काम उरकायचं असतं. पिन काढली, नकाशा ओढून माझ्या कोपऱ्याला लावला, पुन्हा पिन मारली, चित्रं काढली आणि दिगंबरभाऊंना पाठवून दिली. खाली लिहिलं, देवघर मोकळं आहे.

मिस्त्रीने वरच्या भिंतींची आखणी नागपूरच्या नकाशावरून, खऱ्या जिन्यापासून मापं धरून केली. त्याचं बरोबरच होतं. भिंती उभ्या राहिल्या आणि संडासाच्या पाइपासाठी स्लॅबला भोक पाडलं. खाली दिगंबरभाऊंची बायको पूजेला बसली होती. सिमेंटचा चुरा आणि खडी थेट देवांवर पडली. हळदीकुंकवाच्या ताटात, तिच्या केसांत.

दिगंबरभाऊ ऑफिसात आले ते ओरडत आले नाहीत. तेच वाईट होतं. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "साहेब, तुमी लिहून देल्लं होतं. मोकळं हाय म्हून."

सुनंदा तिच्या खुर्चीवर होती.

मी म्हणालो, "भाऊ, फाइल बरोबर होती. कुणीतरी नकाशा हलवला. ऑफिसात आम्ही दोघंच." आणि तिच्याकडे पाहिलं.

"सर," ती म्हणाली, "मी नाई हलवला."

"मी तुला आधीही विचारलं होतं, सुनंदा."

ती उभी राहिली. भाऊंकडे पाहून म्हणाली, "काका, आईशप्पथ मी नाई." भाऊंनी मान फिरवली. तिने डबा पिशवीत टाकला आणि जिना उतरून गेली. मी थांबवलं नाही.

आदिलाबादमध्ये नकाशाची ऑफिसं हाताच्या बोटांवर मोजता येतील. बातमी सगळीकडे गेली. सुनंदा कुठेही काम विचारायला गेली की म्हणत, देवावर संडास आणला तीच का तू? तामसीतही पोचली. बहिणीच्या पाहुण्यांनी नंतर कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही. कुणी म्हणे, ज्या घराला ती हात लावील तिथले देव उठतील. हे मला बाजारात भाजी घेताना ऐकू यायचं आणि मी पिशवी उचलून पुढे जायचो.

भाऊंनी वरच्या भिंती पाडल्या, भोक बुजवलं. ते बुजवलेलं वर्तुळ छताला दिसतं. देव उठवले नाहीत, पण बायको आता तिथे बसत नाही. बाहेरूनच दिवा सरकवते.

शेवटी एके दिवशी मी ती फाइल उघडली. पिन काढून वरचा नकाशा, स्कॅनमधला मूळ जिना खालच्या जिन्यावर ठेवून, बसवला, जसा पहिल्या दिवशी बसवायला हवा होता. बसला आणि माझ्या अंगावर काटा आला. संडासाचा कोपरा देवघराच्या रेघांच्या आत, तिथेच, जिथे तो त्या दुपारी थांबला होता. म्हणजे नकाशा बिघडत नव्हता. तो दर वेळी खऱ्या जागी जात होता आणि मी त्याला दर वेळी खोट्या जागी ओढून आणत होतो.

ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, व्हायरस नाही, माऊस ठीक आहे, पिन मारलेलं हलत नाही. मी कोपऱ्याला कोपरा लावून ती फाइल कितीतरी दिवस उघडी ठेवली. आता तो नकाशा हलत नाही. ठेवाल तिथे राहतो. कुणी म्हणतं, भाऊंचे वडील. कुणी म्हणतं, देव. माझ्याकडे उत्तर नाही आणि आता मी शोधतही नाही. दुसऱ्या एका गोष्टीचं, नकाशा सुनंदाने हलवला का याचं, उत्तर मात्र मला त्या दुपारपासून माहीत होतं.

दिगंबरभाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माया समोर बोलले होते ना? मग माया समोरच सांगा तिले. चला." आम्ही तामसीच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसलो.

सुनंदा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. आम्हाला पाहून उठली नाही. तिची आई खाट टाकायला लागली तर सुनंदा म्हणाली, "राहू दे माय. सायेब लोक खाटेवर कायले बसतीन."

मी उभाच राहिलो. शेजारच्या दोन बाया कुडाशी येऊन थांबल्या होत्या. बरं झालं असं वाटलं. आवाज त्यांच्यापर्यंत जाईल इतका मोठा काढला.

"सुनंदा, कोपरा मी चुकीचा धरला होता. तू काहीच हलवलं नव्हतंस. नकाशा आपोआप सरकला तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, अन् त्या दिवशी तू इथं होतीस, तुझ्या बहिणीच्या पाहुण्यांत. भाऊंसमोर तुझ्याकडं बोट दाखवलं तेव्हा हे मला माहीत होतं. मला माफ कर."