वडिलांचा दहावा आणि थ्रॅश मेटल

वडिलांच्या दहाव्याच्या संध्याकाळी मी ऑफिसात नव्हतो. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मी पडेगावच्या रस्त्यालगत एका मैदानावर थ्रॅश मेटल ऐकत होतो.

थ्रॅश मेटल म्हणजे अंगावर धावून येणाऱ्या गिटारी, त्याहून वेगानं बडवलेले ड्रम आणि वर माणसाचं ओरडणं. कॉलेजात असल्यापासून मी ते चोरून ऐकत आलो. ज्या बँडच्या कॅसेटी मी कपड्यांखाली लपवल्या, तो म्हातारा झाल्यावर का होईना, आमच्या शहरात आला. आला तो ऐन दुष्काळात, आणि नेमका दहाव्याला.

दहावा दौलताबादजवळ आमच्या गावी होता. नदी कोरडी, म्हणून दादानं टँकर बोलावला. माझं मुंडण झालं, अंघोळ झाली, पिंड मांडला. आता कावळा शिवला की मोकळं. पण कावळा येईना. गावातले कावळेही शहरात गेले असावेत. तिथं निदान हॉटेलं तरी होती.

अशा वेळी गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असेल ते ओळखून शब्द द्यावा लागतो. दादानं शेत पडीक न ठेवण्याचा दिला. चुलत्यांनी मेंढरं न विकण्याचा दिला. मेंढरं केव्हाच विकून झाली होती. ऊन कलायला लागलं.

"धाकट्या, आता तू बोल," चुलते म्हणाले.

"काय बोलू?"

"मायचं बोल. तिच्यातच अडकला असंल तो."

मी घड्याळ पाहिलं आणि हात जोडून मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, मायला मी शहरात, गारखेड्याला नेतो. माझ्यापाशी ठेवतो. आता या लवकर."

टँकरच्या गळक्या नळाखाली डबकं साचलं होतं. एक कावळा तिथं उतरला, पाणी प्याला आणि जाता जाता पिंडाला चोच मारून गेला. तो पाण्यासाठी आला, हे मी पाहिलं. बाकीच्यांना तो शब्दासाठी आलेला दिसला. बायकांत बसलेली माय डोळे पुसत माझ्याकडं बघत होती.

ऑफिसातून तातडीचा फोन आलाय, असं सांगून मी निघालो. टँकरवाला म्हणाला, "पडेगावला चाललो. मैदानावर पाणी मारायचंय. धूळ लई उडती म्हणं, ते गोरे गाणारे खोकत्यात." मी त्याच्या शेजारी बसलो. हंड्यांवरून भांडणं चालली होती त्या दिवसांत, दहाव्याचं उरलेलं पाणी असं मैदानावर गेलं.

गायक साठी ओलांडलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्यानं पहिली आरोळी ठोकली. मेंढरं वळवायला अण्णा अशीच हाळी द्यायचे. मी रडत होतो की नाचत होतो, मला सांगता येणार नाही.

"क्या चाचा, डायरेक्ट टक्कल!" लांब केसांचा एक पोरगा ओरडला. "इसको बोलते फॅन!"

दुसऱ्यानं माझे पांढरे कपडे पाहून कानाशी विचारलं, "काका, घरात कुणी गेलं का?"

"नाय," मी म्हणालो.

एका शब्दात मी अण्णांना जिवंत केलं. मग चौघांनी मला उचललं आणि गर्दीच्या डोक्यांवरून पुढं सरकवत नेलं. अण्णांनाही आम्ही असंच नेलं होतं, पण ते निदान हातपाय झाडत नव्हते.

डोकं इतकं झटकलं होतं की तेराव्याला माझी मान वर होईना. पाहुणे हळहळले, "बाप गेल्यापासून मान वर नाय केली पोरानं." चुलतीनं कोमट तेलानं मान चोळून दिली आणि मी डोळे मिटून चोळून घेतली.

जेवणं उरकल्यावर माय पिशवी भरून ओट्यावर येऊन बसली.

मी म्हणालो, "माय, शहरात आठ-आठ दिवस नळाला पाणी नाय. पाऊसकाळ होऊ दे."

"व्हय बाबा, तुमची अडचण नको," ती म्हणाली, आणि पिशवीतलं लुगडं काढून पुन्हा दोरीवर टाकलं.

पाऊसकाळ झाला. नंतरही दुष्काळ आले, गेले. आमच्या गल्लीत प्लॉट होते तिथं इमारती उठल्या, आम्हीही एक खोली वाढवली. तीत मी स्पीकर ठेवले. माय दादाकडंच आहे. तिनं एकदाही विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही.

मायला माझ्या घरी आणायचं देणं माझ्यावर अजून आहे. त्या संध्याकाळी कुठं होतो, तेही तिला सांगायचं राहिलंय.