त्यांनी आयुष्यभर गाडीतून पाहिलेला रस्ता

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मार्गासनी गावात सकाळी जाग आली, तर शेजारचं अंथरूण रिकामं. ह्यांचा मोबाईल उशाशी, बूट मात्र दारात नाहीत.

सांगते. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. भोर, नसरापूर, वेल्हे, वर्षानुवर्षं हाच रस्ता. सगळा जन्म सीटवर बसून गेला. निघताना वडापाव, पोचल्यावर भजी, मध्ये चार-पाच चहा, रात्री घरी आल्यावर ताटभर जेवण आणि लगेच आडवं व्हायचं.

रिटायर झाले आणि गेल्या उन्हाळ्यात जिना चढताना छातीत कळ आली. पुण्याला नेलं, अँजिओप्लास्टी झाली. माणूस भोरला घरी आला, देवाची कृपा.

डॉक्टरांनी सांगितलं ते अगदी साधं होतं. मीठ-तेल कमी, तळलेलं बंद, रात्री लवकर जेवायचं. आणि रोज सपाट रस्त्यावर चालायचं, हळूहळू वाढवत अर्ध्या तासापर्यंत.

खाण्याचं जमलं. पापड-लोणचं माळ्यावर गेलं. ताटात भाकरी, मेथी, मटकीची उसळ, काकडी आली. पंधरा दिवस तोंड वाकडं करून जेवले... मग एक दिवस स्वतःच म्हणाले, "आज भाजीत मीठ जास्त पडलंय." मी मनात हसले. मीठ रोजच्याइतकंच कमी होतं, जीभच बदलली होती.

चालणं मात्र जमेना. फाटकापर्यंत जायचे आणि छातीवर हात ठेवून परत फिरायचे. "वाटेत काही झालं तर?" आळस नव्हता तो, भीती होती. भर पावसात घाटातनं गाडी काढणारा माणूस गल्लीच्या कोपऱ्याला भितो, हे बघवत नव्हतं.

आणि खरं सांगू? मीही तेवढीच भ्यायले होते. ते चालायला लागले की मी दोन पावलांवर मागे. "दमलात का? बसता का?" दर मिनिटाला हेच.

जरा हवापालट म्हणून मार्गासनीला माझ्या मावसबहिणीकडे, शालनकडे गेलो. एसटीत हे सगळ्यात पुढच्या सीटवर. प्रत्येक वळणाला ह्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता... आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिकामं अंथरूण.

शालन चुलीपाशी होती. म्हणाली, "दाजी वेल्ह्याच्या अंगाला गेलेत. मी विचारलं तर म्हणाले, जरा रस्ता बघून येतो." तिला मनातल्या मनात चार शब्द ऐकवून मी तशीच निघाले.

बाहेर धुकं... किती धुकं! कापलेल्या भाताच्या खाचरांवर ते पातळ साईसारखं पसरलेलं. रस्ता दहा पावलं दिसायचा, मग नाही. तोरण्याचा माथा तेवढा वर, खाली काही नाहीच, जणू डोंगर आभाळाला टांगलाय. मी धावत होते, पण आपण जागच्या जागी पाय हलवतोय असं वाटत होतं. स्वप्नात होतं ना, तसं.

रस्त्यातल्या एका मोरीच्या पुलापाशी बोलण्याचा आवाज आला. कठड्याला टेकून हे उभे, आणि शेजारी फेट्यातले एक शेतकरी, हातात खुरपं, खांद्यावर दोरी.

मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "अगं, इथं ओढा आहे. ऐक, पाणी वाजतंय. इतकी वर्षं गेलो इथनं... इंजिनाच्या आवाजात कधी ऐकूच आलं नाही."

ते शेतकरी म्हणजे सोपानदादा. मला म्हणाले, "वैनी, वीस वरसं म्या ह्यांच्या गाडीला बांधावरनं हात करतुया. हे हॉर्न द्यायचे. पर येकमेकांचं नाव इचारायला गाडी कंदी थांबलीच न्हाई. आज पायी दिसले, म्हनलं व्हय हे डायवरसायेबच!"

मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. कपाळावर थोडा घाम होता, श्वास शांत. शालनच्या घरापासून ते चांगले दीड-दोन किलोमीटर आले होते. वाटेत छातीवर हात ठेवला होता का, विचारलं, तर म्हणाले, "आठवत नाही."

"बसू नगा आता, पाय आखडत्याल," सोपानदादा म्हणाले. "चला माज्यासंगं वरच्या खाचरापातुर. लांब न्हाई, आन हळूच जायाचं. हरबरा उगवलाय, बघा तरी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दमलात का" ओठांवर आलंच होतं... कसंबसं गिळलं. म्हटलं, "जा. मी बसते इथं."

दोघं बांधावरनं निघाले. आधी पाय दिसेनासे झाले, मग पाठी, मग फेटा. नुसतं बोलणं ऐकू येत राहिलं, आणि एकदा ह्यांचं मोठ्यांदा हसणं. हॉस्पिटलनंतर ते हसणं मी ऐकलं नव्हतं. मी ओढ्याकाठी बसून पोटभर रडले. सुखाचं रडणं होतं ते.

पाऊण तासानं परत आले ते कोवळ्या हरभऱ्याची भाजी रुमालात बांधून.

आता भोरला हे रोज सकाळी एकटे चालायला जातात. मोबाईल आणि गोळीची डबी खिशात, एवढीच माझी अट. मीही बूट घेतलेत, पण माझी वाट वेगळी, नदीच्या अंगाची. कारण इतके दिवस त्यांच्या तब्येतीची काळजी घेते म्हणता म्हणता मी त्यांच्या भीतीलाच खाऊपिऊ घालत होते, हे मला त्या धुक्यात बसल्यावर कळलं.

सोपानदादांकडे साधा फोन आहे, ही पोस्ट त्यांना दिसायची नाही. पण माझ्या माणसाला त्यांनी सोबत दिली, आणि मला त्याला नजरेआड जाऊ द्यायचं बळ दिलं... हे कुठंतरी लिहून ठेवावंसं वाटलं.