मिशी उतरली, पण आबांना सांगणार कोण?

ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. कुलकर्णीसाहेब, गुडघा काय म्हणतोय? जिना चढता ना आता? शकीलभाई, शुगर आटोक्यात आली, की जिलबी अजून लपूनछपून चालूच आहे? मंदाताई, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं ऐकलं... जपा हो.

माझं म्हणाल तर वरच्या ओठावर एक गाठ आली होती, ती काढली. रिपोर्ट चांगला आलाय, काळजी नको. पण ऑपरेशनच्या आधी सिस्टरनं रेझर फिरवला आणि माझी मिशी गेली... खरा घोर तिथून सुरू झाला.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, पुन्हा येईल. पण आमच्या धायरीच्या घरात बाप जिवंत असताना मुलगा मिशी उतरवत नाही. ती उतरते बाप गेल्यावरच. आणि माझे वडील, आबा, नव्वदीला टेकलेले, घरात बसलेले. हृदय नाजूक. डॉक्टरांनी बजावलेलं, यांना धक्का बसेल असं काही करू नका.

म्हणून तर गाठीचंही त्यांना सांगितलं नव्हतं. आता मिशीचं कोणत्या तोंडानं सांगणार?

तसा मी स्वभावानं मऊ. तरुणपणी सायकलवरून शनिवार पेठेत दूध घालायचो, तेव्हा कुणीही दरडावायचं. म्हणून मिशी वाढवली, चांगली पीळदार. तिथल्या एक काकू दारातच म्हणाल्या होत्या, "मिशी घट्ट आहे हो तुमची. दुधाचं तेवढं बघा."

पण उपयोग झाला. पुढे जमिनीसाठी बिल्डर यायला लागले, तेव्हाही मी गप्प बसायचो... मिशी बोलायची.

ऑपरेशननंतर बायको माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, हे कोण परके गृहस्थ?" म्हणाली, आणि लगेच तिचाही चेहरा उतरला. "मामंजींना काय सांगायचं?"

मास्क लावूनच घरी आलो. सर्दी झालीय, तुम्हाला लागायला नको, असं आबांना सांगितलं. त्यांची नजर अधू झालीय, पण कान तिखट. खोटं बोलताना माझा आवाज बदलतो हे त्यांना माझ्या लहानपणापासून माहीत आहे.

टाके निघाले, पण मास्क काढायची हिंमत होईना. रोज सकाळी आम्ही बापलेक गॅलरीत चहा प्यायचो, तो मी स्वयंपाकघरात उभ्यानं उरकू लागलो. बाहेरून आबांच्या बशीचा आवाज यायचा.

परवा सकाळी त्यांनी हाक मारलीच. "बाळू, हिकडं ये. चा घिऊन ये तुझा."

गेलो. बायको दाराशी येऊन उभी राहिली.

"किती दिस तुझी सर्दी? एकदाबी शिंकला न्हाईस. काढ ते तोंडावरचं."

काढलं.

आबांनी डोळे बारीक करून बघितलं. मग त्यांचा हात छातीकडे गेला... बायको पुढे धावली. पण तो हात बंडीच्या खिशात शिरला आणि चष्मा घेऊन बाहेर आला.

"मला पोचवून आलास व्हय रं?"

मग एका दमात सगळं सांगून टाकलं. गाठ, ऑपरेशन, रिपोर्ट, सगळं. हात लांब करून आबांनी माझ्या ओठावरून अंगठा फिरवला. टाक्यांच्या खुणेपाशी थांबला... मग हळूच पुढे गेला.

"तुज्या आईचा ओठ हाय ह्यो," म्हणाले. "इतकी वर्सं झाकून ठिवलास."

आई गेली तेव्हा मी रांगत होतो. तिचा फोटो कधी कुणी काढलाच नाही. ती दिसायला कशी होती, हे आबांना विचारायचा धीर मला आजवर झाला नाही, आणि त्यांनी आपणहून कधी सांगितलं नाही.

आबांनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "जरा उजेडाकडं तोंड करून बस."

आता रोज दाढीबरोबर वरचा ओठही साफ करतो आणि उजेडाकडं तोंड करून चहा पितो. कुणी दरडावलं तर स्वतःच बोलावं लागतं... जमतंय हळूहळू.

गावातली जुनी माणसं रस्त्यात थांबवून दबक्या आवाजात विचारतात, "काय हो, कोण गेलं?"

मी सांगतो, कुणी गेलं नाही... आई आलीय.

बाकी तुमच्या तब्येतींचं सविस्तर कळवा. नुसता अंगठा दाखवून पळू नका. आबा चहाच्या वेळी विचारतात, आज कुणाचं काय आलं? त्यांना वाचून दाखवायचंय, तेव्हा लवकर लिहा.