अमीन आलाच नव्हता

मंडळी, दुपारपासून लय किळस यायलीय, म्हणून लिहितोय.

निजाम सरकारच्या इजाजतीशिवाय आपल्याला सभा घेता येत नाही. म्हणून आमी चुडाव्याच्या महादेवाच्या देवळात भजनाला बसतो आणि भजन थांबवून मधेमधे बोलून घेतो. दारावर मी असतो. ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार, दिसला की मी टाळ वाजवायचा आणि सगळ्यांनी भजन सुरू करायचं, असं ठरलंय.

आज गाडीनं एक पाहुणा आला. स्वराज्यावर बोलेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "तिकडं बाजारात ते आपल्याला कापायची भाषा करायलेत, अन् तुमी टाळ कुटत बसलाव? मागची गल्ली पेटवा!"

मागच्या गल्लीत करीमचाचा पिंजारी राहतात. आमच्या भजनातल्या व्यंकटअण्णांच्या लेकीच्या लग्नातल्या गाद्या त्यांनीच भरल्या. आणि तेच अण्णा पुढं बसून मान डोलवत होते!

मी टाळ वाजवला. सगळे दचकून "शिव शिव" म्हणायला लागले. पाहुणाही निमूट डोळे मिटून बसला.

भजन संपल्यावर अण्णांनी विचारलं, "अमीन कुठं हाय?"

"आलाच न्हाई. पाहुण्याचं ऐकवंना, म्हणून वाजवला."

"मग तुझ्यात अन् अमीनात फरक काय रे?"

 हाच सवाल आता तुमच्यापुढं ठेवतोय.

उद्या पाहुणा पुन्हा बोलणार आहे आणि दारावर मीच आहे. टाळ वाजवू का नको, सांगा. फक्त सांगण्याआधी, तुमच्या अंगाखालची गादी कुणी भरली ते आठवा.